अर्धी सोडलेली भिंत

आमच्या ह्यांच्याशी लग्न करायचं म्हणजे भिंतींशी लग्न करायचं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. हे रंगारी. मी त्यांची शिडी धरते, रंग ढवळते, फरशीवर कागद अंथरते, बादल्या धुते आणि घरमालकांशी बोलते, कारण ह्यांना बोलायला सांगितलं की तोंडाला कुलूप. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. मला कुणी काहीच म्हणत नाही, पण काम कधी संपणार हे मात्र मलाच विचारतात.

ह्यांचा एक नियम आहे. भिंत एकदा हातात घेतली की संपवूनच खाली उतरायचं. आता त्यात तथ्य आहे, मी कुठे नाही म्हणते? ओला रंग ओल्या रंगात मिसळतो, तोवर सगळं एकसारखं. मध्येच थांबलात आणि कड वाळली, की पुढचा रंग तिच्यावर चढतो आणि तिथे कायमची रेघ राहते. आम्ही तिला जोड म्हणतो. दुसऱ्या कुणाच्या कामात जोड दिसला, तर हे त्या घरात अवाक्षर काढत नाहीत. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येतात, थांबतात आणि हळूच मला विचारतात, "बघितलास ना?" एखाद्याच्या घरची भानगड कळल्यासारखं तोंड असतं तेव्हा.

मी म्हणायचे, अहो, तुम्ही उतरा, चार घास खा, तोवर मी रोलर फिरवते. छे! माझा हात जड, त्यांचा हलका, आणि एका भिंतीवर दोन हात फिरले की तेही म्हणे दिसतं. त्यामुळे फोन वाजो, पाहुणे येवोत, पोटात कावळे ओरडोत, भिंत संपल्याशिवाय जेवण नाही. सगळा संसार आम्ही असाच भिंत संपल्यावर जेवत काढला. मध्ये फक्त चहा. दोरीला हूक, हुकाला किटली, ती हे वर ओढून घेणार. चहात साखर नसायचीच मुळी, साखरेत थोडा चहा असायचा.

मग ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला शिडीचा खिळा लागला. एवढीशी जखम, पण भरायचं नाव घेईना. त्यात सारखी तहान, सारखं उठून बाथरूमला जाणं. मी म्हटलं, वय झालं तुमचं. हे म्हणाले, उन्हाळा आहे. उन्हाळा कसला डोंबलाचा, दोघंही स्वेटर घालून बसलो होतो! शेवटी धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं की मधुमेह आहे. लवकर सापडलाय, आटोक्यात राहील, पण जेवण बदलायला हवं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावरून मागे बघत होते. म्हणाले, "तुमच्या त्या कोपऱ्यात ओल आहे. तिचा आधी बंदोबस्त करा, नाहीतर वर कितीही रंग लावा, टिकणार नाही."

"मिस्त्री, मी तुमच्याबद्दल बोलतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो, ऐकलं की," हे म्हणाले. पण पुढे सगळं ऐकलं ते मी. कुठली गोळी कधी, भात किती, भाजी किती, फळ कुठलं, बोट कसं टोचायचं. बाई चांगल्या होत्या, घाई न करता सांगत होत्या. मीही शहाण्यासारखी मान हलवत होते.

घरी आल्याबरोबर मी कंबर कसली. साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. गूळ, जाम, बिस्किटं, सगळ्यांची हकालपट्टी. ताटात अर्ध्या भागात भाज्या, पाव भागात डाळ नाहीतर अंडं, आणि उरलेल्या पावात भात, तोही मी वाटीने मोजून, वरून चमच्याने सपाट करून द्यायचे. पहिल्या दिवशी ह्यांनी ताटाकडे बराच वेळ बघितलं. उकडलेली भाजी, काकडी, पालेभाजी.

"हा प्रायमर झाला," हे म्हणाले. "रंग कधी देणार?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. हसले असते तर त्यांनी भात मागितला असता. थोरली जाऊ फोनवरून रोज नवीन काहीतरी सांगायची, कारल्याचा रस काय, मेथीचं पाणी काय. कारल्याचा रस ह्यांनी एकदा घेतला. मग म्हणाले, "ह्यापेक्षा टर्पेंटाइन बरं." तेवढं एक मी सोडून दिलं. बाकी कशात सूट नाही. मीही त्यांच्यासारखंच खात होते, बिनसाखरेचा चहा पीत होते. माणसाला एकट्याला शिक्षा द्यायची नसते, एवढं मला कळतं.

आणि गुण आला हो! रोज सकाळी बोट टोचायचं, यंत्रावर आकडा बघायचा. तो उतरत गेला. अंगठा भरला. तहान कमी झाली. मी अशी ताठ मानेने फिरायला लागले की विचारू नका. आकडा जेवढा खाली तेवढं चांगलं, असं मी आपलं धरून चालले होते. भाताची वाटी आणखी लहान केली. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, की गोळी घेतली की जेवण वेळेवर हवं, चुकवायचं नाही. ती मी ऐकली होतीच. पण आमच्या घरात जेवणाची वेळ म्हणजे भिंत संपली की. ती वेळ आम्ही कधीच चुकवली नव्हती. त्यामुळे त्या बोलण्यात आमच्यासाठी काही वेगळं आहे, असं मला वाटलंच नाही.

शिडीवरचा चहासुद्धा आता बिनसाखरेचा जायचा. जेवणापर्यंत ह्यांना तग धरायला लावणारी तीच तर साखर होती. ती मी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

तेव्हा आम्ही हेडबाईंच्या घरी काम करत होतो. हेडबाई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उंच छताची बैठकीची खोली, एका अंगाला मोठी खिडकी, आणि त्यांना त्या खिडकीलगतच्या भिंतीला गडद हिरवा रंग हवा होता. गडद रंग आणि त्यावर तिरपं ऊन म्हणजे रंगाऱ्याची परीक्षाच. जरा कुठे जोड राहिला की लपायला जागा नाही. शिवाय हेडबाईंची नजर! पुस्तकांचं कपाट सरळ लावलेलं नाही हे त्या दारातून सांगायच्या.

ह्यांनी सकाळी गोळी घेतली, अंडं आणि ब्रेडचा एक तुकडा खाल्ला, आणि रंगाचा दुसरा हात मारायला वर चढले. भिंत मोठी होती. मी खाली शिडी धरून उभी. रोलरचा आवाज मला पाठ आहे, एका लयीत येतो, मला तर उभ्या उभ्या झोप यायची. त्या दिवशी तो मध्येच अडखळायला लागला. मग माझ्या केसांवर रंगाचा थेंब पडला. ह्यांच्या हातून थेंब? मला खरंच वाटेना.

"अहो, रंग सांडतोय."

"सांडू दे."

"सांडू दे काय? हेडबाईंची फरशी आहे."

"तू गप्प बस!" हे ओरडले.

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यावर ओरडला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरून काहीतरी गोड खाल्लं असणार आणि म्हणून माझ्यावर डाफरतायत, असंही मनात आलं. चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं आणि वर बघितलं. ह्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. खिडकीतून गार वारा येत होता आणि ह्यांच्या कानामागून पाणी गळत होतं. रोलर आता पार कोरडा झाला होता. त्यात रंगाचा टिपूसही नव्हता, आणि हे तो एकाच जागी फिरवत होते. वर, खाली. वर, खाली.

रक्तातली साखर फार उतरली की थरथर, घाम, चिडचिड, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं तेव्हा आठवलं.

"अहो, खाली उतरा. आत्ता."

"भिंत राहिलीय," हे म्हणाले. आवाज लहान पोराचा.

"राहू दे. उतरा आधी."

"भिंत राहिलीय ना."

मी ओरडून बघितलं, गयावया करून बघितलं. वर चढावं तर शिडी कोण धरणार? आणि हे भिंत अर्धी ठेवून येणार नाहीत, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं. मग भिंत ठेवायचीच कशाला! एक पाय शिडीच्या पायरीवर रोवला, दोन्ही तळवे त्या ओल्या हिरव्या रंगात दाबले आणि पार खालपर्यंत ओढत नेले. एकदा, आणि शेजारी पुन्हा एकदा. दहा बोटांचे फराटे उठले. ह्यांनी ते वरून बघितलं.

"काय केलंस तू हे!"

"बिघडवली. आता तिथे काही राहिलेलं नाही. या खाली."

हे उतरले. रागाने उतरले, पण उतरले. शेवटच्या पायरीवर गुडघा मोडला तसे माझ्या अंगावर आले आणि आम्ही दोघंही कागदांवर बसलो. मी हेडबाईंना हाक मारली, "साखर आणा!" बाईंनी काही विचारलं नाही, साखरेचा डबा आणि पाणीच घेऊन आल्या. पेल्यात ढवळून मी ह्यांना पाजलं. माझ्या हातांचा रंग पेल्याला लागला, ह्यांच्या हनुवटीला लागला. हळूहळू हात थरथरायचे थांबले. डोळ्यांत ओळख आली. हेडबाईंनी ब्रेड आणून दिला, तो खाल्ला.

मग ह्यांनी भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "तिला हात कुणी लावला?"

"मी."

हे पुढे काही बोलले नाहीत. घरी जाईपर्यंत नाही, जेवताना नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला चांगलीच फैलावर घेतलं. आकडा नको इतका खाली गेला होता. शिडीवरून पडले असते तर, असं त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. गोळी अर्धी केली, भाताची वाटी परत मोठी केली, खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायला सांगितल्या. "आणि जेवण वेळेवर म्हणजे घड्याळाच्या वेळेवर," त्या म्हणाल्या, "भिंतीच्या नाही."

मी म्हटलं, "किटलीसारखा डबा वर पाठवला तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि चक्कर आली तर मिस्त्री डबा धरतील की शिडी? खाली उतरायचं, बसायचं, जेवायचं, बरं वाटलं की मग वर. हे जमत नसेल तर शिडी सोडा."

घरी आल्यावर हे तोंड उघडून पहिल्यांदा बोलले. "रंगकाम सोडतो मी."

"काय?"

"अर्धी भिंत सोडून जेवायला बसायचं, आणि मग तिथे जोड ठेवून पैसे घ्यायचे, हे माझ्याने होणार नाही. कुठेतरी दारावर राखणदार म्हणून उभा राहीन. वेळेवर जेवीन."

हे दारावर उभे! हातात ब्रश नाही, नखांत रंग नाही, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या गाड्या बघत. मला ते डोळ्यांपुढे आलं आणि जीव घाबरा झाला. पण शिडीवर तो कोरडा रोलर फिरवणारा माणूसही डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन्हीतलं एकही मला नको होतं.

"मी सांगते ते ऐका," मी म्हटलं. "भात मी मोजीन. बोट मी टोचीन. जन्मभर बिनसाखरेचा चहा पिईन तुमच्याबरोबर. पण तुम्हाला शिडीवरून खाली आणणं माझ्या हातात नाही. ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल. दर वेळी मी भिंत बिघडवत बसू का?"

हे ब्रश धुतलेले होते तरी परत धूत बसले. एवढंच म्हणाले, "हेडबाईंची भिंत नीट करून द्यायला हवी. त्यानंतर बघू."

फराटे वाळून टणक झाले होते. हे पॉलिश पेपरने घासत बसले, मी धूळ पुसत गेले. माझ्या बोटांचे ठसे एकेक करून निघाले. मग सकाळची गोळी, नीट नाश्ता, आणि हे वर चढले. मी फोनवर गजर लावून ठेवला होता. त्याचा मी एका शब्दानेही उल्लेख केला नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रोलरचा आवाज एका लयीत होता. वरून खाली एक पट्टा, त्याच्या ओल्या कडेला लागून दुसरा. खिडकीपासून सुरुवात करून हे जवळजवळ मध्यावर आले, आणि गजर वाजला.

हे थांबले नाहीत. मी गजर बंद केला. कागदावर फडकं अंथरलं, डबा उघडला. भात, डाळ, भाजी, काकडी. परत येऊन शिडी धरली. आणखी एक पट्टा झाला. मी ठरवलं होतं की ओरडायचं नाही, आणि खरं सांगते, माझ्यासारख्या बाईला ते किती कठीण गेलं असेल! पण ओरडून उतरवलेला माणूस उद्या माझ्यामागे परत वर चढणार. आणखी एक पट्टा सुरू झाला.

"मला भीती वाटते हो," मी म्हटलं. एवढंच तोंडातून आलं. "तुम्ही वर असलात की आता मला खाली उभं राहवत नाही."

रोलर थांबला. हे वरून माझ्याकडे बघत होते की भिंतीकडे, ते मला कळलं नाही, कारण मी मान वर केलीच नाही. मग शिडी हलली. एकेक पायरी करून हे खाली आले, रोलर ट्रेमध्ये ठेवला, हात पुसले आणि डब्यासमोर बसले.

भिंतीकडे पाठ करून बसतील असं मला वाटलं होतं. पण नाही, तिच्याकडेच तोंड करून बसले. घास चावत होते आणि कड बघत होते. ओला रंग चमकतो, वाळला की मंद होतो. वरून खाली तो चमक सोडत येत होता. हे बघत होते, गिळत होते. घाईने चार घास कोंबून उठता आलं असतं. पण हे चमच्याने नीट, सावकाश जेवले.

"वाळली," शेवटी हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"भाजी आण अजून."

मी वाढली.

जेवण झाल्यावर हे परत वर चढले आणि उरलेली भिंत संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान न्यायला गेलो तेव्हा खिडकीतून ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. हिरवा रंग सुंदर आला होता. आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, ती रेघ होतीच. केसाएवढी बारीक, पण होती. मी ती बघितली, ह्यांनी बघितली, आणि चहाचा कप हातात घेऊन आत आलेल्या हेडबाईंनी तर दारातूनच बघितली.

"मिस्त्री," त्या जवळ जात म्हणाल्या, "इथे रेघ दिसतेय का हो? की माझे डोळे?"

मी पुढे सरसावले. माझ्याकडे सगळं तयार होतं. उन्हाची तिरीप आहे, भिंतीतच ओल आहे, जुन्या प्लास्टरचा दोष आहे. घरमालकांशी बोलायचं काम माझं. पण ह्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. हातातली बादली खाली ठेवली आणि हेडबाईंच्या शेजारी, अगदी त्या रेघेसमोर जाऊन उभे राहिले.

"डोळे चांगले आहेत तुमचे," हे म्हणाले. "जोड आहे तो. तिथे मी जेवलो."

मी बादली उचलली, मागच्या नळावर गेले, आणि नळ मोठा सोडून मनसोक्त रडले.